तुरुंगात विणलेले गालिचे

विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनात अंथरलेला अवाढव्य अखंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. निमित्त व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं, पण गालिचा पुरा झाला 1894 मध्ये. वजन सुमारे दोन टन! 1992 च्या आगीत तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नासएक सैनिक लागले.

1851 च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर युरोपात हिंदुस्थानी गालिच्यांची मागणी वाढली आणि तुरुंगांत माग लागले. पुण्याचं येरवडाही त्यात होतं. काम जिवाची परीक्षा पाहणारं. सुताच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारायची, सुरीने टोक कापायचं, ओळ भरली की आडवा धागा घालून पंजाने, म्हणजे दातेरी फणीने, ठोकून घट्ट बसवायची. दिवसभर बोटं झिजवावीत तेव्हा कुठे गालिचा जेमतेम काही बोटं वर सरके.

बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कलाकुसरीवरच्या आपल्या 1880 च्या ग्रंथात या तुरुंगी मालावर कडक टीका केली. त्याचा राग रास्तच होता: कैद्यांच्या स्वस्त श्रमापुढे स्वतंत्र कारागीर टिकणार कसा?

तरी कला तगली. आज दिवाणखान्यांत दिसणारे कितीतरी हातविणीचे गालिचे भदोही-मिर्झापूरच्या घरोघरच्या मागांवरून येतात. त्या भागाच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.