रोजनिशी : तिथी, लिपी आणि किल्ली

१

‘रोजनिशी’ हा शब्द आज मराठीत मनोगताच्या वहीसाठी रूढ झालेला आहे. परंतु त्याची घडण पाहिली असता तो मुळात मनोगताचा नसून कचेरीचा शब्द आहे, हे ध्यानात येते. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस या पदनामांत जो उत्तरांश दिसतो, तोच येथे आहे. चिटणिसाचे काम ती चिटणिशी, फडणविसाचे काम ती फडणिशी. त्याच न्यायाने दिवसवार लिहिण्याचे काम ती रोजनिशी. कामाचे नाव पुढे त्या कामातून सिद्ध होणाऱ्या वहीला लागले. इंग्रजीतून आलेल्या ‘डायरी’ या शब्दाची कथाही निराळी नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘दिआरियम’ या शब्दाचा अर्थ दररोजचा शिधा अथवा भत्ता असा होता. दैनंदिन नोंदीचा अर्थ त्याला मागाहून प्राप्त झाला. दोन्ही शब्दांचा उगम हिशेबाच्या आणि सेवेच्या जगात आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दररोजची नोंद भ्रमणध्वनीवरील अथवा संगणकावरील ॲपमध्ये लिहिण्याची चाल गेल्या सुमारे पंधरा वर्षांत पसरली. हा केवळ कागद व दौत यांच्या जागी आलेल्या नव्या साधनाचा प्रश्न आहे, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात रोजनिशीची तीन अंगे या बदलात हलली आहेत : तिथी कोण घालतो, नोंद कोणत्या लिपीत साठते, आणि ती वाचण्याची किल्ली कोणाच्या हाती असते. या तीन अंगांचा क्रमाने विचार केला असता जुन्या दप्तराचा इतिहास आजच्या लेखकाला काय सांगतो, हे स्पष्ट होते.

२

महाराष्ट्रात दिवसवार नोंद ठेवण्याची शिस्त राज्यकारभारातून आली. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी मंत्री अथवा वाकनीस याच्याकडे राजाची दिनचर्या व दरबारातील घडामोडी टिपून ठेवण्याचे काम होते. पेशवाईत हुजूर दप्तरात रोजकीर्द लिहिली जाई. त्या त्या दिवशी झालेला जमाखर्च, दिलेल्या सनदा, सुटलेल्या आज्ञा यांची तीत नोंद होई. गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजनिश्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक भागांत प्रसिद्ध झाले आणि अठराव्या शतकातील महसूल, न्याय, वतने व समाजस्थिती यांच्या अभ्यासाला त्यांनी पाया पुरविला. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणी ही जोडी याच शिस्तीची वाहक होती.

या नोंदींचा एक विशेष असा की, त्यांचा वाचक आधीच ठरलेला असे. कारकून आजची ओळ लिहीत असे ती उद्या कोणीतरी वरिष्ठ तपासणार, पुढील वर्षी एखाद्या तंट्यात ती पुरावा म्हणून निघणार, हे गृहीत धरून. त्यामुळे त्याने स्वतःचे मन लिहिले नाही. परंतु तिथी, रक्कम, गावाचे नाव आणि हुकुमाचा आशय यांत संदिग्धता राहू दिली नाही. लिहिणाऱ्याचे नाव विसरले गेले, नोंद मात्र टिकली.

खाजगी घराण्यांतही कालानुक्रमे टिपणे ठेवली जात. जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणली. तीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी आलेली आहे. शकावली ही रोजनिशी नव्हे. तीत प्रत्येक दिवसाची नोंद नसते. परंतु एका देशमुख घराण्याने जपून ठेवलेल्या मोजक्या ओळींनी एका मोठ्या वादाला किती वेगळे वळण मिळाले, हे पाहिले म्हणजे घरगुती टिपणाची योग्यता कळते. ती टिकली याचे कारण ती घराण्याच्या दप्तरात होती, आणि दप्तर वारसाहक्काने हस्तांतरित होत होते.

३

प्रथम तिथीचा विचार करू. पेशवेकालीन कागदांवरील कालनिर्देश हा लेखकाच्या ज्ञानाचा भाग होता. शुहूर सनाचा आकडा अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहावयाचा, महिना हिजरी घ्यावयाचा, चंद्राचा दिवस ‘छ’ या संक्षेपचिन्हानंतर मांडावयाचा, आणि वर्षारंभ मात्र मृगाला धरावयाचा, इतकी गुंतागुंत कारकुनाला अवगत असावी लागे. तिथी घालणे हीच लेखनाची पहिली कृती होती.

ही कृती लेखकाच्या हातून हळूहळू सुटत गेली. लंडन येथे जॉन लेट्स याने १८१२ साली तारखा छापलेली वही विक्रीस आणली आणि तारीख मुद्रकाकडे गेली. छापील तारखेने आणखी एक गोष्ट केली : न लिहिलेला दिवस आता कोरे पान म्हणून दिसू लागला. पूर्वी जो दिवस नुसता वगळला जाई, तो आता उणीव म्हणून नजरेत भरू लागला. पुढे संगणकावर नोटपॅड या साध्या लेखनसाधनात एक सोय झाली. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंबापुढे ‘लॉग’ हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहून ठेवला, की ती फाइल उघडताच यंत्र स्वतः वेळ व तारीख घाली.

२०११ साली निघालेल्या ‘डे वन’ या ॲपने हा क्रम पुष्कळच पुढे नेला. त्यात नोंदीला तारखेबरोबर स्थळ आणि त्या वेळचे हवामानही आपोआप जोडले जाते. त्यापूर्वी, २०१० साली, ‘ओहलाइफ’ ही सेवा सुरू झाली होती. ती दररोज ई-टपालाने दिवस कसा गेला असे विचारी आणि त्याबरोबर जुनी एखादी नोंद परत पाठवी. ही सेवा २०१४ साली बंद पडली. ॲपल कंपनीच्या ‘जर्नल’ या ॲपची भर डिसेंबर २०२३ मध्ये पडली. दिवसभरात काढलेली छायाचित्रे, भेट दिलेली ठिकाणे, ऐकलेले संगीत यांवरून कशाविषयी लिहावे हे ते सुचविते. म्हणजे तिथीपाठोपाठ विषयही यंत्राकडून येऊ लागला.

विषय सुचविण्यामागे एक निराळी विचारधाराही आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सॅन्ड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दर दिवशी पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले होते. प्रसंग व भावना या दोहोंविषयी लिहिणाऱ्यांना पुढील काळात दवाखान्यात जावे लागण्याचे प्रमाण कमी आढळले. रोजनिशी ही आरोग्याची साधना आहे, ही कल्पना अशा संशोधनामुळे बळावली, आणि ॲपमधील प्रश्नावल्या, स्मरणसूचना व सलग दिवसांची मोजणी यांत ती उतरली. हिशेबाच्या शब्दापासून निघालेला प्रवास येथे मनाच्या हिशेबापर्यंत आला.

इतिहासाच्या दृष्टीने या स्वयंचलित तिथीचे मोल दुहेरी आहे. एकीकडे विस्मरणाने चुकणारी तारीख आता चुकत नाही. दुसरीकडे अनेक ॲपमध्ये लेखकाला नोंदीची तारीख मागाहून बदलता येते. कागदावर खाडाखोड दिसते, शाईचा रंग बदललेला ओळखता येतो. येथे बदललेली तारीख मूळ तारखेइतकीच स्वच्छ दिसते.

४

दुसरे अंग लिपीचे. पेशवे दप्तरातील रोजनिश्या मोडीत आहेत. मोडी ही शीघ्रलेखनाची लिपी. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकविली जात होती. ते शिक्षण थांबल्यावर एका पिढीच्या अवकाशात लाखो कागद बहुसंख्य मराठी वाचकांना अपरिचित झाले. कागद जागेवर होते, भाषा मराठीच होती, वाचणारा मात्र उरला नाही. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. तथापि संकेतांक मिळाल्याने वाचक निर्माण होत नाहीत.

संगणकयुगात हीच घटना अल्पावधीत पुन्हा घडली. देवनागरीचा अंतर्भाव युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता; परंतु घरोघरीच्या संगणकांवर त्याचा वापर रुळण्यास दीर्घ काळ लागला. मधल्या वर्षांत मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या साहाय्याने लिहिला गेला. त्यांत रोमन अक्षराच्या संकेतांकावर देवनागरी अक्षराचे चित्र बसविलेले असे, आणि प्रत्येकाची बसवण वेगळी. तो फाँट गेला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. अशी फाइल ही बाराखडी हरवलेली मोडीच होय.

युनिकोडमध्येही मराठीपुरती एक अडचण शिल्लक आहे. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र दोन रीतींनी साठविता येतो : एकीत नुक्तायुक्त र वापरला जातो, दुसरीत साध्या र-नंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. दोन कळफलकांवर लिहिलेल्या दोन वर्षांच्या नोंदींत तोच शब्द शोधावयास गेले असता एका वर्षाच्या नोंदी सापडतात व दुसऱ्या वर्षाच्या सापडत नाहीत, असे घडू शकते. क्षणात शोध लागतो हे ॲपचे मुख्य आकर्षण असल्यामुळे ही उणीव क्षुल्लक म्हणता येत नाही.

भाषाभ्यासकाला याहून गंभीर वाटावी अशी गोष्ट शुद्धलेखनाच्या सूचनेची आहे. हाताने लिहिलेल्या खाजगी टिपणात लेखकाचा उच्चार डोकावतो. ‘पानी’ म्हणणारा ‘पानी’ लिहितो, आणि अशा लेखनदोषांवरूनच प्रदेश, जात व शिक्षण यांनुसार बदलणाऱ्या बोलीचा माग काढता येतो. ॲपमध्ये लिहिताना कळफलक पहिल्या एकदोन अक्षरांवरूनच ‘पाणी’ हे प्रमाण रूप पुढे करतो आणि लेखक ते स्वीकारतो. यात लेखकाची सोय आहे हे निर्विवाद. परंतु उद्या या नोंदी अभ्यासकाच्या हाती आल्या, तर त्यांतील वर्णरचना लेखकाची की यंत्राची, हे सांगणे कठीण जाईल. भाषेच्या इतिहासाचा सर्वांत खरा साक्षीदार येथे मूक होतो.

५

तिसरे अंग किल्लीचे. खाजगी रोजनिशी परक्याच्या हाती पडण्याचे भय जुने आहे आणि ते निराधार नाही. वासुदेव बळवंत फडके १८७९ साली पकडले गेले, तेव्हा त्यांची रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडन येथे नेण्यात आले व तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला.

या भयावरील जुना उपाय म्हणजे गुप्तलेखन. इंग्रज नौदलाचा अधिकारी सॅम्युएल पीप्स याने १६६० ते १६६९ पर्यंत आपली रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. त्याचा ग्रंथसंग्रह केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे गेला. परंतु शतकाहून अधिक काळ रोजनिशीचे सहा खंड कोणी वाचू शकले नाही. जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षे खपून ती उलगडली आणि १८२५ साली तिचा संक्षेप छापला गेला. विशेष हे की, त्या लघुलिपीचे मार्गदर्शक पुस्तक पीप्सच्याच संग्रहात होते. स्मिथला त्याचा पत्ता नव्हता. पीप्सची लिपी दुर्बोध होती, तरी अभेद्य नव्हती. चिकाटीच्या माणसाला ती वश झाली.

आजच्या कूटलेखनाचे तसे नाही. ज्या ॲपमध्ये नोंद लेखकाच्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन मग साठवणीच्या जागी जाते, तेथे ती चालविणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाही. मनमोकळे लिहिण्यास हे संरक्षण आवश्यक आहे. फडके यांच्या उदाहरणानंतर त्याची आवश्यकता निराळी सिद्ध करावयास नको. परंतु अशा व्यवस्थेत किल्ली हरवली, किंवा लेखक ती कोणालाही न सांगता निवर्तला, तर दहा स्मिथ तीन-तीन वर्षे बसले तरी एक ओळ हाती लागणार नाही. शिवाय सेवा बंद पडण्याचा संभव असतोच. लेखकाने आपला मजकूर वेळेवर बाहेर काढून घेतला नसेल, तर सेवेबरोबर तोही जातो.

६

या तिन्ही अंगांचा एकत्र विचार केला असता एक विसंगती नजरेस येते. आजच्याइतक्या मोठ्या संख्येने सामान्य मराठी माणसाला दररोज लिहिण्याची साधने पूर्वी कधीही उपलब्ध नव्हती. स्त्रिया, शेतकरी, कामगार, परदेशी गेलेले विद्यार्थी यांच्या रोजच्या जीवनाची नोंद पेशवे दप्तरात शोधावी तर ती सनदेच्या किंवा दंडाच्या निमित्तानेच सापडते. ती नोंद आता ज्याची तोच लिहू शकतो. आणि नेमकी हीच नोंद टिकण्याची शाश्वती सर्वांत कमी आहे. हुजूर दप्तराला वाचक होता, म्हणून ते जपले गेले. ॲपमधील रोजनिशीला लेखकावाचून वाचक नाही, म्हणून ती त्याच्याबरोबर संपण्याचा धोका आहे.

यावरील उपाय अवघड नाहीत. वर्षातून एकदा नोंदी ॲपबाहेर काढून युनिकोडमधील साध्या मजकुराच्या रूपात ठेवाव्यात व शक्य तर कागदावर छापून घ्याव्यात. किल्ली विश्वासाच्या एका व्यक्तीकडे असावी, आणि आपल्या पश्चात काय वाचावे व काय नष्ट करावे हे लेखकाने स्पष्ट लिहून ठेवावे. कारण नष्ट करण्याचा अधिकारही त्याचाच आहे. अभिलेखागारांनी व विद्यापीठांच्या भाषाविभागांनी अशा नोंदी लेखकाच्या अटींवर, आवश्यक तर दीर्घ मुदतीच्या गोपनीयतेसह, स्वीकारण्याची व्यवस्था केली पाहिजे. बोलीच्या अभ्यासासाठी कळफलकाच्या सूचना बंद ठेवून लिहिलेल्या नोंदींना विशेष मोल राहील, हेही संबंधितांना सांगून ठेवणे इष्ट आहे.

रोजनिशी या शब्दात दिवस आहे आणि लिहिणारा आहे. वाचणारा त्या शब्दात नाही. दप्तराच्या काळी त्याची तरतूद राज्य करीत असे. ती आता लेखकाने स्वतः करावयाची आहे.