एक घुमट, दोन घरे

१६ जानेवारी १९६७ ही तारीख गोव्यात आजही दोन वेगवेगळ्या सुरांत उच्चारली जाते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून राहायचे, याचा जनमत कौल त्या दिवशी झाला. 'फूल' ही विलीनीकरणाची निशाणी, 'दोन पाने' ही संघप्रदेशाची. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. माझ्या वडिलांनी फुलावर मत दिले होते, शेजारच्या क्रिस्तांव काकांनी पानांवर. पुढे कित्येक महिने दोघांचे बोलणे बंद होते, असे आई सांगायची.

मग चवथ आली. आमच्याकडे आरतीला घुमट वाजवायचे ते हेच काका. वडील बोलवायला गेले नाहीत; पण आरतीच्या वेळी काका काखेत घुमट घेऊन दारात उभे! चूल पेटलेली आहे का, एवढेच त्यांनी कोकणीत विचारले. पावसात चामडे ढिले पडते, शेकल्याशिवाय घुमट बोलत नाही. वडिलांनी चुलीजवळ पाट मांडला. राजकारणात दोघेही शेवटपर्यंत आपापल्या जागी ठाम राहिले. पण आरती चुकली नाही.

ही गोष्ट आमच्या घरापुरती नाही. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, लहान तोंड मोकळे. एका हाताने चामड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताने लहान तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा. हिंदू घरात शमेळ आणि कासाळ्याच्या साथीने त्यावर मराठी आरत्या होतात. सासष्टीच्या क्रिस्तांव घरांत एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या कोकणी मांड्याला व्हायोलिनबरोबर हेच घुमट लागते. एकीकडे देवघर, दुसरीकडे लग्नाची साल. भाषा वेगळी, देव वेगळा, मडके मात्र त्याच कुंभाराचे.

हे सहज घडलेले नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. १६८४ च्या फर्मानाने लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला फर्मावले. १७३६ च्या जाहीरनाम्याने धर्मांतरितांच्या घरांतील लग्नाच्या ओव्या आणि जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. म्हणजे शेजाऱ्याशी जोडणारे जे जे काही होते, ते ते तोडायचा प्रयत्न झाला. तरीही घुमटावरची थाप मरू शकली नाही. शिवोलीत नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या जागरात हिंदू आणि क्रिस्तांव आजही एकत्र जमतात, ते याच जुन्या धाग्यामुळे.

संगीताने सगळे भांडण मिटते, असे मी म्हणणार नाही. १९८६ साली राजभाषेच्या वादात याच भूमीत माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला, तरी मराठी-कोकणीची कटुता पूर्ण गेलेली नाही. आपण मराठीवाले त्या वादात पोटतिडकीने बोलतो, मीही बोलतो. पण चवथीला मराठी आरती म्हणताना माझ्या कानावर पडणारा ठेका मांड्याच्या घरातही तितकाच आपला असतो, हे विसरून कसे चालेल? कुणाला आपला धर्म वा भाषा सोडायला न सांगता घुमटाने दोन घरांत येणे-जाणे ठेवले. एवढे काम सभा-परिषदांनाही सहसा जमत नाही.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, ते योग्यच झाले. आता बकरीचे कातडे लावतात. नाद थोडा बदलला, अशी जुन्या वादकांची कुरकुर असते. पण परंपरा चालली. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. सरकारी कारकून असल्यामुळे अधिसूचनेची किंमत मला कळते, तशी तिची मर्यादाही. ती फाईलमध्ये राहते. थाप मात्र हातातून हातातच जाते.

काका गेले, वडीलही गेले. काकांचे घुमट त्यांच्या मुलाने आमच्याकडे आणून दिले. आता आरतीला ते माझा मुलगा वाजवतो. त्याला पहिली थाप शिकवली, ती काकांच्या त्याच मुलाने.