डावखुऱ्यांचा डाव

२००६ सालच्या नोव्हेंबरात एका नायकाचा डावा हात उजवा झाला. नायक कादंबरीतला नव्हे, नाटकातलाही नव्हे. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ खेळांच्या मालिकेतला. त्याचे नाव लिंक. १९८६ पासून तो राक्षसांशी लढत आलेला, आणि बहुतेक खेळांत तलवार डाव्या हातात धरणारा. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा त्याचा नवा खेळ तयार होत आला, तोच कंपनीने ‘वी’ नावाचे नवे यंत्र बाजारात आणायचे ठरवले. या यंत्राचा कंट्रोलर म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखी एक पांढरी कांडी. ती हवेत फिरवली की पडद्यावर तलवार फिरायची.

इथे पंचाईत झाली. खेळणारे बहुतेक उजवे. त्यांनी उजवा हात फिरवायचा आणि पडद्यावर डावा हात हलायचा, हे मनाला पटेना. तेव्हा त्या कारागिरांनी नायकाला हात न लावता सारे जगच आरशात धरले! नायक उजवा झाला. त्याच्याबरोबर नद्या, डोंगर, गावे, पूर्वेची सगळी पश्चिमेला गेली. त्याच खेळाची जुन्या यंत्रासाठी निघालेली आवृत्ती बटणांवर चालणारी होती, तिच्यात मात्र तो डावखुराच राहिला. मी कादंबऱ्या लिहितो. वाचकांच्या सोयीसाठी नायिकेच्या गालावरचा तीळ हलवा, असे कोणी सांगितले तर मी दोन दिवस जेवणार नाही. इथे तर एका नायकापायी अख्खे भूगोलाचे पुस्तक उलटे केले.

आता वाचक म्हणतील, फराळाच्या ताटाशी बसून मास्तर हे पोरांच्या खेळांचे काय घेऊन बसले? पण वर्गात दहा मुले घेतली तर त्यांत एखादे डावखुरे निघतेच. आपल्याकडे त्याला प्रसाद घेताना, ओवाळणी घेताना, पाटीवर ‘श्री’ काढताना ‘उजवा हात पुढे कर’ हे ऐकावे लागते. निदान खेळात तरी त्याचा हात त्याचा असावा की नाही? या प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी पडद्यावरचा टेनिस मांडला. कंट्रोलर म्हणजे एक पेटी, तिला एक फिरवायची कळ आणि एक बटण. हातांचे भांडण तिथे नव्हते. ते सुरू झाले अटारी कंपनीच्या जॉयस्टिकपासून. सत्तरीच्या दशकातल्या या दांडीचे एकुलते बटण डाव्या कोपऱ्यात होते. म्हणजे डाव्या हाताने पेटी धरायची, अंगठ्याने बटण दाबायचे आणि उजव्याने दांडी हलवायची. पुढे निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी चौफुलीच्या आकाराची दिशाकळ काढली, आणि १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रावर ती डाव्या अंगठ्याखाली आली. दिशा डाव्या हाताकडे गेली ती आजतागायत तिथेच आहे. दोन्ही वेळा खेळणाऱ्याला कोणी विचारले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९८९ साली ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा निघाला. हात हलवा, खेळ हलेल, अशी त्याची जाहिरात. मोजा निघाला फक्त उजव्या हाताचा! डावखुऱ्याने काय करायचे, तर पाहत बसायचे. तो मोजा फारसा चालला नाही. डावखुऱ्यांचा शाप लागला असे मी म्हणणार नाही. त्याला हाताची हालचालच नीट ओळखता येत नव्हती.

‘वी’ची कांडी ती ओळखायची, आणि कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशी थांबले, तरी सांगून पाहतो. कांडीच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. एस.टी.ने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसा हाताचा झटका बसला की तो सरकतो. त्या सरकण्याचे विजेच्या भाषेत मोजमाप होते. पण झटक्यावरून हात किती वळला हे नक्की कळत नाही. म्हणून लोक सोफ्यावर आडवे पडून नुसते मनगट उडवीत आणि टेनिसचे सामने जिंकीत. काहींच्या हातून कांडीच सुटून टीव्हीवर जाई. २००६ च्या डिसेंबरात कंपनीने मनगटाचे सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यायचे जाहीर केले. २००९ मध्ये वळणे मोजणारा जायरोस्कोप जोडीला आला. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली हे नाव दिले. तेव्हाचा जायरोस्कोप म्हणजे आपला भोवराच, चौकटीत बसवलेला. आताच्या चिपमध्ये भोवरा फिरत नाही. एक कण थरथरत असतो आणि हात वळला की त्याच्या थरथरीची दिशा ढळते.

यंत्राला हात कळू लागला आणि अडचण वाढली. बटण कोणत्याही बोटाने दाबले तरी बटणच; पण हालचाल ज्याची त्याची असते. आजोबांचा हात कापतो, पोराचा भिरभिरतो. तेव्हा प्रत्येकाला आपापले माप लावून घेता आले पाहिजे: हात किती हलला म्हणजे पडद्यावर किती हलायचे, किती कापरे यंत्राने माफ करायचे, कोणता हात धरायचा. ‘वी’बरोबर आलेल्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये डावा की उजवा हे निवडता येत असे. झेल्डात मात्र ती सोय नव्हती. यंत्र एकच, कंपनी एकच. सोय द्यायची की नाही हे खेळ करणाऱ्याच्या मर्जीवर.

हे सारे परदेशातले, असे समजू नये. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली आपल्या पुण्यातला एक स्टुडिओ घेतला, आणि ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या मालिकेवर इथल्या मुलामुलींनीही काम केले. २००९ साली हा खेळ ‘वी’वरच जन्मला. पडद्यावरचा नर्तक आपल्याकडे तोंड करून नाचतो आणि त्याच्या डाव्या हातात रंगीत मोजा असतो. आरशाप्रमाणे तो आपला उजवा हात. कांडी त्यात धरायची. यंत्र गुण देते ते त्या एका हाताला. पाय कितीही आपटा, ते त्याला दिसत नाहीत. खुर्चीत बसलेल्या माणसालाही त्यामुळे पैकीच्या पैकी मिळू शकत. डावखुऱ्याला मात्र परक्या हाताने नाचावे लागे. २०१४ पासून कांडीऐवजी मोबाइल धरूनही हा नाच करता येऊ लागला.

माणसाच्या मापाने साधन करायचे, हे पुण्याला नवे नाही. सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र इथे १९४४ पासून आहे. एका जवानाचा पाय दुसऱ्याला चालत नाही, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. खेळांच्या कारखानदारांना हे उमजायला २०१५ उजाडले. त्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम कंट्रोलरने जायरोस्कोपची चावी खेळणाऱ्याच्या हाती दिली: तो कधी चालू व्हावा, किती हळवा असावा, सारे आपण ठरवायचे, आणि बसवलेली घडी इतरांनाही द्यायची. खेळ करणाऱ्याने सोय दिली नसली तरी चालेल! २०१८ साली मायक्रोसॉफ्टने अपंगांसाठी कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीला १९ छिद्रे; त्यांत पायाने, हनुवटीने, कोपराने दाबायची बटणे जोडता येतात. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर यंत्र हेच.

इतकी महागडी यंत्रे आमच्या शाळेतल्या मुलांच्या घरी नाहीत. त्यांच्याकडे वडिलांचा मोबाइल असतो, आणि त्यातही तीच थरथरणारी चिप असते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा उजवा हात जन्मतः दुबळा. मोटारशर्यतीचा एक खेळ आहे. मोबाइल कलता केला की गाडी वळते. एका हाताने त्याला तो पुरेसा कलवता येईना, आणि गाडी दर वळणाला कठड्यावर. मग दुसऱ्या एका खेळात त्याला ती सरकपट्टी सापडली: कल किती, वळण किती. ती त्याने आपल्या मनगटापुरती जुळवली. मधल्या सुट्टीत मित्रांनी तो मोबाइल हिसकावून घेतला. ते धट्टेकट्टे, दोन हातांनी मोबाइल कलवणारे. पहिल्याच वळणावर गाडी गरगर फिरून पालथी. पोरे चिडून माझ्याकडे तक्रार घेऊन आली. तो मागे उभा राहून हसत होता. म्हणाला, “सर, तो माझ्या हाताचा आहे.”