सैल जोड हेरणारा कॅमेरा

ठाण्याहून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते आणि तिथून काल्हेर, पूर्णा असा गोदामांचा पट्टाच सुरू होतो. कापडाच्या गाठी, पुठ्ठ्याची खोकी अशा मालाशेजारी विजेच्या पॅनेलमधला एखादा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा जोडतुकडा, सैल राहिला, तर त्या जोडाचा रोध वाढतो आणि तो तापू लागतो. प्रवाह दुप्पट झाला की तीच उष्णता चौपट होते. पुढे भिवंडीच्या यंत्रमागांच्या गाळ्यांत तर हादऱ्यांचीही भर. वास येईपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून उष्णतेचे अदृश्य किरण टिपून त्यांचं चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा हवा.

त्याची कुळकथा मात्र सूर्यापासून सुरू होते. युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल सूर्य न्याहाळण्यासाठी रंगीत काचा पारखत होता. कोणत्या रंगात किती उष्णता असते, हे मोजायला १८०० साली त्याने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात काळे केलेले तापमापक ठेवले. जांभळ्यापेक्षा तांबड्यात पारा जास्त चढला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे त्याहूनही जास्त! पुढे १८४० मध्ये त्याचा मुलगा जॉन याने काजळी लावलेला कागद अल्कोहोलने भिजवून त्यावर तो रंगपट्टा पाडला. उष्णता पडली तिथे कागद आधी वाळला आणि अदृश्य किरणांचं चित्र उमटलं. किती साधी युक्ती!

असे किरण मोजणारा सॅम्युअल लँग्लीचा बोलोमीटर १८८० च्या सुमाराचा. उष्णता पडली की त्यातल्या धातूच्या पातळ पट्टीचा रोध बदलतो. तो बदल मोजायचा.

विजेच्या कामात उष्णतेचं चित्र पाहण्याचं तंत्र आणलं स्वीडनने. ‘आगा’ कंपनीचा कॅमेरा १९६५ मध्ये उच्चदाबाच्या वाहिन्या तपासायला तिथल्या सरकारी वीजसंस्थेने, ‘वॅटनफॉल’ने घेतला. त्याचा संवेदक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागे. हे अवजड धूड हातात मावण्याजोगं झालं ते लँग्लीच्याच कल्पनेमुळे: अमेरिकेत हनीवेलने सिलिकॉनवर हजारो सूक्ष्म बोलोमीटर रचले. लष्करी गुप्ततेतलं हे तंत्र १९९२ मध्ये खुलं झालं.

आता पॅनेलचं दार उघडून कॅमेरा रोखला की तीन फेजचे तीन लग पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात. लोड सारखा असून दोन जांभळे, म्हणजे थंड, आणि एकच पिवळाधमक, म्हणजे तापलेला, असेल, तर दोष बहुधा त्याच जोडात. पण तपासणी चालू लोडवरच हवी. सुट्टीच्या दिवशी सैल जोडही थंडच दिसतो. चकचकीत तांब्याची पट्टी तर चक्क फसवते: स्वतः कमी किरण सोडते, आजूबाजूचेच परतवते. तिथे आवरण किंवा काळवंडलेला भाग पाहून अंदाज घ्यावा लागतो. आणि वीज बंद करून, लग साफ करून नीट घट्ट केल्यावर तोच जोड तेवढ्याच लोडवर पुन्हा पाहायचा.