हजारी कारंजं

लहानपणी शनिवारवाडा पाहायला गेलो की आम्हा मुलांचं सगळं लक्ष दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांकडे असायचं. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे! आतल्या कोरड्या, कमळाच्या आकाराच्या दगडी हौदाकडे कोण बघतो? तेच हजारी कारंजं, हे मला फार उशिरा कळलं.

नाव हजारी; तोट्या मात्र दोन-अडीचशेच्या घरातल्या. पुणेकरांचा हिशेब असा सढळ क्वचितच असतो! कमळाला सोळा पाकळ्या आणि पाकळीपाकळीतून उडणारं पाणी. ना वीज, ना पंप. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळानं शहरात आणलं. नळ म्हणजे आजच्यासारखा पाइप नव्हे. माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल एवढं बांधीव भुयार. हवा खेळती राहावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. कात्रज उंचावर, वाडा सखल भागात. पाणी आपल्याच उतारानं येई. वाटेत ते पेठांतले हौदही भरत असे. म्हणजे वाड्यात कारंजं उडे तेव्हा बाहेर त्याच नळाच्या पाण्यानं घागरी भरल्या जात. मला कारंज्यापेक्षा या नळाचंच कौतुक जास्त वाटतं.

हे कारंजं बाळ पेशव्याच्या करमणुकीसाठी केलं, असं सांगतात. हा बाळ म्हणजे सवाई माधवराव. वडील नारायणराव यांचा ऑगस्ट १७७३ मध्ये याच वाड्यात खून झाला. मुलगा जन्मला एप्रिल १७७४ मध्ये, पुरंदरावर. अवघ्या चाळीस दिवसांच्या या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बापाचा मायेचा हात नाही, सवंगड्यांपेक्षा कारभाऱ्यांचीच सोबत जास्त. अशा पोरासाठी कुणाला पाण्याचा खेळ मांडावासा वाटला असेल, तर नवल नाही.

वाड्याच्या चौकांतून आणखीही कारंजी होती. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी हाच मुलगा, आता एकवीस वर्षांचा, माडीवरून खाली पडला. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की, तो खालच्या कारंज्यावर आदळला आणि त्याच्या नळीनं त्याला मोठी जखम झाली. दोन दिवसांनी तो गेला. त्यानं उडी टाकली की तापाच्या भरात तोल गेला, यावर इतिहासकार अजून भांडतात. कारंज्याच्या त्या नळीपाशी मात्र माझं वाचन दर वेळी अडखळतं.

फेब्रुवारी १८२८ मधल्या आगीत रंगमहाल, माड्या सगळं जळालं. लाकूड गेलं, दगड राहिला. आज जोत्यांवरून एवढंच ओळखता येतं, की इथे चौक होता, इथून जिना वर जात असावा. कमळाच्या पाकळ्या तेवढ्या सोळाच्या सोळा मोजता येतात.