मलिक अंबर सुटला, महारवाडा का सुटला नाही?

मध्ययुगातल्या मुस्लिम राज्यकर्त्याचे नाव निघाले की आजकाल एकच भांडण लागते : तो धर्मवेडा होता की धर्मवीर? आंबेडकरी माणसाने वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. त्याच्या राज्यात जन्माने हीन ठरवलेल्या माणसाचे काय झाले?

त्या काळच्या मुस्लिम राज्यांत विकत घेतलेला गुलाम सत्तेपर्यंत पोचू शकत होता. बैबर्स हा असाच गुलाम. १२६० मध्ये तो इजिप्तचा सुलतान झाला आणि १२६८ मध्ये त्याने क्रुसेडरांकडून अँटिऑक जिंकले. आपल्या मातीतले असे उदाहरण म्हणजे मलिक अंबर.

सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला हा मुलगा पुन्हा पुन्हा विकला गेला आणि बगदादमार्गे अहमदनगरला पोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही मूळचा हबशी गुलामच. मालक वारला आणि अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा त्याने मोडलेली निजामशाही पुन्हा उभी केली. चाकणचा कामगार रोज ज्या नाशिक रस्त्याने जातो, त्याच रस्त्याने पुढे नारायणगावहून आत वळले की जुन्नर लागते. तेही काही काळ त्याच्या राज्याची राजधानी होते. पुढे त्याने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले.

मराठा घोडदळ घेऊन गनिमी काव्याने त्याने मोगलांना दमवले. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीर आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. अंबरच्या मुंडक्यावर स्वतः बाण मारत असल्याचे चित्रही त्याने काढून घेतले. रणात जमले नाही ते कागदावर उरकले! १६२६ साली अंबर वारला.

पण इथेच थांबलो तर आपण फक्त आरती ओवाळू. अंबरने जमिनीची पाहणी करून सारा ठरवला, शेतकऱ्याला दिलासा दिला. मात्र गावगाडा तसाच राहिला. पाटलाला पाटीलकी, महाराला महारकी. मालक मेला की गुलाम सुटू शकत होता. महाराचा मालक एक माणूस नव्हता, अख्खे गाव होते. गाव मरत नाही. म्हणूनच अस्पृश्यता गुलामगिरीहूनही वाईट, असे बाबासाहेबांनी मांडले. ते वतन मोडण्यासाठी त्यांना १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणावे लागले.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादला गेले. हा किल्लाही अंबरच्या राज्याची राजधानी होता. तिथल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून स्थानिक मुसलमानांनी 'पाणी बाटवले' असा गहजब केला. सत्तेचा धर्म बदलला म्हणून जात मरत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

म्हणून मलिक अंबर अभिमानाने वाचा. गुणवत्ता जन्मावर ठरते म्हणणाऱ्यांच्या तोंडावर त्याचे नाव फेका. पण एक माणूस वर गेला म्हणजे समाज मुक्त झाला, असे समजू नका. समाज मुक्त होतो तो संघटनेने, कायद्याने आणि धम्माने.

जय भीम!