कान्होपात्रेची हाक

मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा भगिनींचा आग्रह झाला. मागे आपल्या भजनात कान्होपात्रेचा अभंग झाल्यावर एका मुलीने मला विचारले होते, "काकू, तिने एवढा धावा केला, पण देवाने तिला वाचवले कुठे?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. ते आज लिहिते.

कान्होपात्रा आपल्या शेजारची, मंगळवेढ्याची. काळ पंधराव्या शतकाचा. आई शामा ही गणिका. लेकीनेही तोच व्यवसाय करावा, अशी रीत. कान्होपात्रेने ती नाकारली व वारकऱ्यांबरोबर पंढरीची वाट धरली. ना कुळाचा आधार, ना कोणी गुरू. पुढे तिच्या रूपाची वार्ता बेदरच्या बादशहाच्या कानी गेली आणि तिला नेण्यास शिपाई आले. एकवार दर्शन घेऊन येते, एवढीच सवलत तिने मागितली. आत जाऊन तिने विठ्ठलाला आर्त हाक मारली आणि त्याच्या पायांशीच प्राण सोडला. देवळाच्या दक्षिण अंगाला तिला पुरले, तेथे तरटीचे झाड उगवले, असे सांगतात. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या 'भक्तविजया'त तिची कथा आहे. १९३१ साली बालगंधर्वांनी 'संत कान्होपात्रा' नाटकात तिची भूमिका केली, आणि तिचे अभंग मास्टर कृष्णरावांच्या चालींनी घरोघर पोहोचले.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जाई. धाकटा भाऊ तापाने फणफणला, तेव्हा घरात औषधाला पैसा नव्हता. रात्रभर ती "विठाई, धाव गं" म्हणत त्याला मांडीवर घेऊन बसली. भाऊ गेला. चार दिवसांनी आईने माझी वेणी घातली व ती पुन्हा कामावर गेली. मोठेपणी मी तिला विचारले, "देवाने ऐकले का गं?" ती म्हणाली, "ऐकनारा कुनी नसता, तर त्या राती मीबी उरले नसते."

तेच उत्तर त्या मुलीला देते. हाक मारली म्हणजे संकट टळतेच, असे नाही. परंतु आपण कोणाच्या, हे कान्होपात्रेने शेवटच्या घटकेलाही स्वतःच ठरविले. आज त्या बादशहाचे नाव कोणाच्या ओठी नाही. तिचे अभंग आपण गातो.

भगिनींनो, एक विनंती. देवाला मारलेली हाक शेजारणीलाही ऐकू येत असते. ती ऐकू आली, की आपण उठून दार उघडावे.